मोसळे, मगर आणि मकरपुरा

२०१९ सालचा ऑगस्ट आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्या एकदमच फुगल्या होत्या. त्या धांदलीत रायबाग तालुक्यात पुरानं वेढलेल्या एका घराच्या छपरावर एक मगर चढून बसली. चारी बाजूंना पाणी, मध्ये ते छप्पर आणि त्यावर ही बाई निवांत. ती चित्रफीत तेव्हा घरोघरच्या मोबाइलवर पोचली होती. त्याच्या दहा-बारा दिवस आधी, ३१ जुलैला, गुजरातेत बडोद्याला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला होता आणि तिथल्या रस्त्यांवरच्या पाण्यात मगरी पोहत होत्या. पुढं पाच वर्षांनी, २०२४ च्या गोकुळाष्टमीला बडोद्यात पुन्हा पूर आला. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट; पाणी ३७ फुटांच्या घरात गेलं. या वेळी छपरावर बसलेली मगर बडोद्याची होती.

आपल्याकडं कृष्णेत मगर आहे हे भिलवडी-औदुंबरच्या लोकांना सांगायला नको. दांडेलीला काळी नदीच्या काठावर तर लोक मुद्दाम मगरी बघायला जातात. पण वीस लाखांच्या घरातलं शहर, त्याच्या मधून जाणारी नदी आणि त्या नदीत भर वस्तीत राहणाऱ्या शेकडो मगरी, असा संसार जगात फार ठिकाणी सापडायचा नाही. आणि हे शहर आपल्याला परकं नाही. गायकवाडांचं बडोदं. तिथं आजही जुन्या वाड्यांतून मराठी ऐकू येतं.

माझी आत्या त्याच बडोद्यात, मकरपुऱ्याला राहते. निपाणीहून लग्न होऊन गेली. यजमानांची नोकरी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत होती, तिथंच घर झालं, आता नातवंडं गुजराती शाळेत जातात. आत्याची एक सवय मात्र निपाणीची राहिली आहे. भीतीच्या आणि पैशाच्या गोष्टी ती कन्नडमध्ये बोलते. २०२४ च्या पुरात तिचा फोन आला तेव्हा आधी नेहमीच्या आवाजात पाणी कुठवर आलंय ते सांगितलं, मग आवाज बारीक करून म्हणाली, "पलीकडच्या गल्लीत मोसळे आलंय म्हणतात." नातवंडं शेजारी बसली होती, त्यांना कळू नये म्हणून. मोसळे म्हणजे कन्नडमध्ये मगर, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

मकरपुरा या नावातच मकर बसलेला आहे. पंचांगातला मकर आपण संक्रांतीला आठवतो, इकडं तिळगूळ, तिकडं एळ्ळु-बेल्ल. गंगेचं वाहन मकर, वरुणाचंही मकरच. बेलूर-हळेबीडच्या देवळांना ज्यांनी प्रदक्षिणा घातली असेल त्यांना पायथ्याच्या पट्ट्यांत हत्ती, घोडेस्वार, वेलबुट्टी यांच्या वर ओळीनं कोरलेले मकर आठवतील: तोंड मगरीचं आणि शेपटी मोरपिसाऱ्यासारखी फुललेली. हासन जिल्ह्यात तर एका गावाचं नावच मोसळे आहे आणि तिथं होयसळांच्या वेळची नागेश्वर आणि चेन्नकेशव अशी जोडदेवळं उभी आहेत. गुजरातेत खोडियार मातेचं वाहन मगर. बडोद्याच्या पश्चिमेला चरोतर भागात मलातज नावाचं गाव आहे, तिथल्या तळ्यात मगरी आहेत, काठाला खोडियारचं देऊळ आहे आणि गावकरी त्याच तळ्याच्या काठावर आपली रोजची कामं करतात. म्हणजे मगरीशी आपली ओळख जुनी. मकरपुऱ्याचा राजवाडा त्यामानानं अलीकडचा, खंडेराव महाराजांनी १८७० च्या सुमारास बांधलेला, पुढं सयाजीराव महाराजांनी वाढवलेला. आता तो वायुदलाकडं आहे, त्यामुळं पाहुण्यांना आत जाता येत नाही. आत्यानं मला त्याऐवजी नदी दाखवली.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून वडसरकडं जाणारा रस्ता आहे, त्या अंगाला विश्वामित्री वाहते. पावागडच्या डोंगरातून निघते, बडोद्याला सयाजीबागेजवळून, काळा घोडा पुलाखालून वळणं घेत दक्षिणेला येते आणि पुढं ढाढर नदीत मिसळून खंभातच्या आखाताला जाते. मी गेलो तो जानेवारी होता. पाणी काळपट, काठावर बाभळी आणि झुडपं, प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. पहिली दहा मिनिटं मला काहीच दिसलं नाही. मग आत्याचा बारा वर्षांचा नातू म्हणाला, "मामा, ते लाकूड नाही." त्यानंतर जिकडं बघावं तिकडं लाकडं हलायला लागली. अर्ध्या तासात नऊ मोजल्या. त्यातली एक चांगली दहा फुटांची असेल, काठाच्या उतारावर ऊन खात पडली होती, जबडा उघडा टाकून. तो जबडा कुणाला खायला उघडलेला नसतो. डोकं फार तापू नये म्हणून उन्हातल्या मगरी तोंड उघडं ठेवतात, असं अभ्यासक मानतात.

हिवाळ्यात मगरी दिवसा उन्हाला बाहेर येतात, म्हणून त्यांची मोजणीही बहुधा याच दिवसांत करतात. रात्रीची मोजणी अधिक गमतीची. होडीतून किंवा काठावरून विजेरीचा झोत पाण्यावर फिरवायचा आणि चमकणारे डोळे मोजायचे. मगरीच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो. डोळ्यातून निसटलेला उजेड तो पुन्हा आत फेकतो, त्यामुळं अंधारात तिला जास्त दिसतं आणि आपल्याला तिचा डोळा निखाऱ्यासारखा दिसतो. मांजराचं तेच. बडोद्यात २०२५ च्या फेब्रुवारीत मोजणी झाली तेव्हा विश्वामित्रीत चारशेच्या वर मगरी भरल्या.

इतक्या मगरी खातात काय, हा प्रश्न मी आत्याला विचारला. ती म्हणाली, "आपण टाकतो ते." उत्तर अर्धं बरोबर आहे. नदीत मासे आहेत, कासवं आहेत, काठाला डुकरं आहेत, मेलेली जनावरं लोक नदीत लोटतात. पण खरं कारण मगरीच्या अंगात आहे. आपण, गाय, कुत्रा, कोंबडी, सगळे उष्ण रक्ताचे. खातो त्यातला मोठा हिस्सा शरीर गरम ठेवण्यातच जळून जातो. मगर ते काम सूर्याकडून फुकट करून घेते. म्हणून तिच्या वजनाच्या मानानं तिला फारच थोडं लागतं आणि वाढलेली मगर महिनोन्‌महिने काही न खाता काढू शकते. उपासाच्या बाबतीत आपली एकादशी तिच्यापुढं काहीच नाही.

श्वासाचाही असाच हिशेब. बुडी मारून स्वस्थ पडून राहिलेली मगर तासभरही वर येत नाही. हृदयाचे ठोके मंदावतात, आणि रक्तात एक युक्ती आहे. श्वास रोखला की कर्बवायू साठतो आणि रक्तात त्याचा बायकार्बोनेट होतो, आपल्या खायच्या सोड्यातला जो क्षार असतो तोच. मगरीच्या हिमोग्लोबिनला हा बायकार्बोनेट चिकटला की ते आपल्याजवळचा प्राणवायू सोडून देतं. म्हणजे जसजसा श्वास कोंडत जावा तसतसा शिल्लक प्राणवायू बाहेर निघून कामाला येतो.

पुराच्या दिवसांत बडोद्यात प्राणिमित्र संघटनांचे स्वयंसेवक आणि वनखात्याची माणसं रात्रंदिवस मगरी पकडत होती. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या आवारातही मगर निघाली, आणि तीसुद्धा प्राणिशास्त्र विभागाजवळ! एका चित्रफितीत तर दोन तरुण स्कूटरवरून मगर घेऊन चालले होते, मागच्यानं ती मांडीवर आडवी धरलेली, तोंड बांधलेलं. अशी मगर वनखात्याच्या कचेरीत पोचवायला निघाले होते म्हणे. वाचकांपैकी कुणी हा प्रयोग करू नये. पण ते तोंड कशानं बांधलं होतं ते बघण्यासारखं आहे: साध्या दोरीनं. मगरीचा जबडा मिटवणारे स्नायू प्रचंड ताकदीचे असतात, हाडाचा चुरा करतात. तोच जबडा उघडणारे स्नायू मात्र दुबळे. एकदा तोंड मिटलं की दोरीचे चार वेढे पुरतात. डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं की बरीचशी शांत होते. शेपटीचं मात्र गोणपाटाला कळत नाही, म्हणून अनुभवी माणूस आधी शेपटीकडं बघतो.

त्याच दणकट जबड्याच्या कातडीवर बारीक काळे ठिपके असतात. जवळून काढलेल्या फोटोत दाढी केल्यावरच्या खुंटांसारखे दिसतात. एकेक ठिपका म्हणजे स्पर्शाचं इंद्रिय. पाण्यावर एक थेंब पडला तरी त्याची लाट या ठिपक्यांना कळते, मिट्ट काळोखातही. आपल्या बोटांच्या टोकांपेक्षा हे ठिपके अधिक हळवे असल्याचं मोजमापांत आढळलं आहे. ज्या तोंडानं ती डुकराचं हाड फोडते त्याच तोंडात ती आपली पिल्लं उचलून नेते आणि एकालाही दात लागत नाही, ते उगीच नाही.

आता अश्रूंकडं येऊ. मराठीत नक्राश्रू, कन्नडमध्ये मोसळे कण्णीरु. दोन्ही भाषांनी या जनावराला ढोंगी ठरवून टाकलं आहे. राजकारणावरच्या प्रत्येक भाषणात बिचारी एकदा तरी रडते. पण मगर खाताना खरंच रडते का, हे कुणी बघितलं होतं? अमेरिकेत फ्लोरिडातल्या केंट व्हलिएट या प्राणिशास्त्रज्ञानं आणि माल्कम शेनर या मेंदूच्या डॉक्टरांनी बघायचं ठरवलं. पाण्यात असलेल्या जनावराचे अश्रू ओळखायचे कसे, म्हणून मगरीच्या जातभाईंपैकी, जमिनीवर येऊन खायला शिकवलेले केमन आणि ॲलिगेटर त्यांनी निवडले. सातांपैकी पाचांच्या डोळ्यांत खाता खाता पाणी आलं, काहींच्या डोळ्यांत तर फेस. २००७ मध्ये त्यांनी हे छापलं. कारण बहुधा साधं आहे. खाताना ती जोरात फुसफुसते, ती हवा नाकामागच्या पोकळ्यांतून डोळ्यांतल्या पाण्याला बाहेर ढकलते. ढोंग नाही, दुःखही नाही. शेनर यांचं कुतूहल सुरू झालं होतं ते माणसांवरून. चेहऱ्याचा पक्षाघात बरा होताना कधी कधी नसा चुकीच्या जागी जोडल्या जातात आणि त्या माणसाला घास तोंडात घातला की रडू येतं. वैद्यकात या आजारालाही मगरीच्या अश्रूंचंच नाव आहे. घरात असा कुणी असेल तर त्याला जेवताना हसू नये, डॉक्टरकडं न्यावं.

ढोंगाचा आरोप करायचाच असेल तर दुसऱ्या एका गोष्टीवरून करता येईल. चेन्नईजवळ मद्रास क्रोकोडाइल बँक आहे, रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेली. तिथल्या तळ्याकाठी बगळे घरटी बांधतात. व्लादिमीर दिनेत्स या अभ्यासकाला तिथल्या मगरी नाकाडावर काटक्या घेऊन निश्चल पडून राहिलेल्या दिसल्या. घरट्याच्या दिवसांत बगळ्यांना काटक्यांची टंचाई. बगळा काटकी उचलायला वाकला की संपला. अमेरिकेतल्या ॲलिगेटरचंही असंच दिसल्याचं त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलं. पुढं दुसऱ्या अभ्यासकांनी ॲलिगेटरवर प्रयोग करून पाहिला तेव्हा मात्र तसा पुरावा मिळाला नाही. तेव्हा मगर हुशार आहे की काटकी नाकावर आपोआप अडकली होती, हा वाद चालू आहे. मला मगरीची बाजू घ्यावीशी वाटते. पण माझ्या वाटण्याला शास्त्रात किंमत नाही.

याहून विलक्षण गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीत बऱ्याच मगरी आहेत. उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर यांनी तिथली निरीक्षणं २०२३ मध्ये 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' या संशोधनपत्रिकेत लिहिली. नदीत लोक झेंडूची फुलं सोडतात, आणि मगरी त्या पिवळ्याधमक फुलांत जाऊन निवांत पडतात, असं त्यांना वारंवार दिसलं. झेंडूत जंतुनाशक गुण असतो, कातडीला बरं वाटत असेल, असा एक अंदाज. एकदा गावठी कुत्र्यांच्या टोळीनं पाठलाग केलेलं एक कुत्रं घाबरून नदीत शिरलं. जवळच तीन मगरी होत्या. त्यांच्यातल्या दोघींनी त्याला नाकानं ढकलत, ती टोळी नव्हती त्या काठाला नेलं. खाल्लं नाही. हे वाचून अनेकांनी मगरीला साधुसंत ठरवून टाकलं. पोट भरलेलं असेल तर मगर शिकार टाळते, हेही तितकंच खरं. आणि विश्वामित्रीच्या काठी माणसांवर हल्ले झालेले आहेत, माणसं गेलीही आहेत. कृष्णेत सांगलीच्या बाजूलाही तेच. पाण्याला गेलेलं आपलं माणूस परत आलं नाही, त्या घरात झेंडूची गोष्ट कुणी सांगायला जाऊ नये.

आता सगळ्यात मोठं नवल. मराठीत मगर स्त्रीलिंगी. 'ती मगर', मग ती नर का असेना. कन्नडमध्ये सगळी जनावरं नपुंसकलिंगी, म्हणून मोसळे 'अदु'. दोन्ही भाषांनी आपापला निकाल लावलेला. प्रत्यक्ष मगरीचं लिंग कोण ठरवतं? आईबाप नाही. आपल्यात एक्स आणि वाय गुणसूत्रांचा जो खेळ असतो तो मगरीत नाहीच. अंडं घातलं जातं तेव्हा आतला जीव नर की मादी हे कुठंच लिहिलेलं नसतं. ते ठरवते माती.

मगरीण फेब्रुवारी-मार्चपासून काठाच्या उतारावर, पाण्याच्या पातळीच्या वर, भुसभुशीत मातीत खड्डा करून अंडी घालते. वीस-पंचवीस, कधी जास्त. वरून माती लोटते आणि राखण करते. बसून उबवत नाही. साधारण दोन महिन्यांत माती तिच्या उबेनं ती पिकवते. या दोन महिन्यांच्या मधल्या टप्प्यात अंड्याभोवती किती ऊब आहे त्यावर सगळं ठरतं. मद्रास क्रोकोडाइल बँकेत जेफ्री लँग, हॅरी अँड्र्यूज आणि व्हिटेकर यांनी अंडी वेगवेगळ्या ठरावीक तापमानांना उबवून पाहिली. २८ ते ३१ अंश सेल्सिअसला सगळ्या माद्या. ३२.५ अंशाला सगळे नर. ३३ अंशाला दोन्ही. म्हणजे ३१ आणि ३२.५ यांच्यामधल्या दीड अंशात मुलगी की मुलगा याचा निकाल. आपल्याकडं ताप आला की नाही हे बघायला आपण कपाळाला हात लावतो, त्या हातालाही कळणार नाही एवढा हा फरक. खड्डा एक वीत खोल झाला, वरचं झुडूप वाळलं, वळवाचा एखादा पाऊस झाला, की आकडा हलला. एकाच खड्ड्यात वरच्या आणि खालच्या अंड्यांचं नशीब वेगळं असू शकतं. कासवांतही असाच कारभार आहे, फक्त तिथं बहुधा उलटं: जास्त उबेला माद्या.

सुनेला मुलगाच झाला पाहिजे म्हणून नवस बोलणाऱ्या सासवा दोन्ही भाषांत आहेत. त्यांनी मगरीचा जन्म घेतला असता तर नवसाऐवजी सावली मोजावी लागली असती.

पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. दिवस भरले की पिल्लं अंड्यातूनच ओरडायला लागतात. एकाचं ऐकून दुसरं. तो आवाज ऐकून आई येते, माती उकरते, न फुटलेली अंडी जबड्यात धरून हळूच फोडते आणि पिल्लांना तोंडात घेऊन पाण्यात सोडते. आईच का? मद्रासच्या त्याच संस्थेत १९८० च्या दशकात नर मगरीला हे काम करताना पाहिलं गेलं. बापानं घरटं उकरलं, पिल्लं तोंडात घेतली आणि पाण्यात नेऊन सोडली. सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये ही गोष्ट दुर्मीळ. मी हे आत्याला सांगितलं तेव्हा तिनं तिच्या यजमानांकडं बघितलं आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली, ते छापण्यासारखं नाही.

एवढं सगळं ज्या मातीत घडतं तो काठ आता मकरपुऱ्यापासून सयाजीबागेपर्यंत बडोद्याच्या चर्चेत आहे. २०२४ च्या पुरानंतर नदी खोल आणि रुंद करायचं ठरलं आणि २०२५ च्या मार्चपासून पावसाळ्यापर्यंत नदीत मोठमोठी यंत्रं उतरली. पुरात ज्यांचं तळमजल्यावरचं सगळं घर गेलं, फ्रिज, गाद्या, मुलांची दप्तरं, त्यांना नदी रुंद हवी आहे आणि ते चुकीचं म्हणत नाहीत. आत्याच्या गल्लीतल्या एका बाईंनी मला सरळ विचारलं, "तुम्ही मगरीचं लिहिणार, आमचं कोण लिहिणार?" त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी तीन दिवस होतं. गाळ आणि कचरा काढलाच पाहिजे, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. माझं म्हणणं काठाच्या उतारापुरतं आहे. नदीचा तळ स्वच्छ केल्यानं मगरीचं फारसं बिघडत नाही. काठ उभा तासला, त्याला दगड-सिमेंटचं अस्तर लावलं, वरची झाडं काढली, की खड्डा करायला माती उरत नाही आणि जी उरते ती उघड्या उन्हात तापते. मगरीची बिळंही याच काठात असतात, काही कित्येक फूट आत गेलेली. कडक उन्हाळा आणि थंडी ती त्यात काढते. बीळ गेलं की ती जागा शोधत वर येते, आणि वर माणसांच्या गल्ल्या आहेत. मगर नदीतून गल्लीत येऊ नये असं ज्यांना वाटतं, त्यांनीच मातीच्या काठाची बाजू घ्यायला हवी, असं मी त्या बाईंना म्हणालो. त्यांना ते सगळं पटलं नाही. पण कचरा टाकायला नदीवर जाणारा मुलगा त्यांनी माझ्यासमोर थांबवला.

काठ तासायला सोयीचे महिने ठरलेले असतात: पाणी आटलेलं, पावसाला अवकाश, म्हणजे मार्च, एप्रिल, मे. मगरीची अंडी मातीत असतात तेही हेच महिने. आणि आपल्याकडं कृष्णाकाठची मळी वीटभट्ट्यांसाठी उचलली जाते, तीही याच दिवसांत.